पाऊल टाकताना श्वास सोडा

*वाचकाचं पत्र*

ताई, मी 54 वर्षांची आहे. नऊ आठवड्यांपूर्वी जिना उतरताना शेवटची पायरी संपली असं वाटलं आणि पुढे पाऊल टाकलं. ती संपली नव्हती. उजव्या घोट्याची दोन हाडं मोडली, ऑपरेशन करून प्लेट आणि स्क्रू बसवले. सहा आठवडे पाय टेकवायचा नाही असं सांगितलं होतं, ते मी काटेकोर पाळलं. तीन आठवड्यांपूर्वी एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, ‘आता सोसेल तेवढं वजन टाका, वॉकरने चाला.’ पण माझी हिंमतच होत नाही. पलंगापासून बाथरूमपर्यंत बारा पावलं आहेत. ती मी श्वास रोखून टाकते आणि दारात पोचले की सोडते. मध्ये एका रविवारी बरं वाटलं म्हणून घरभर फिरले, तर पाय इतका सुजला की पुढचे दोन दिवस उठलेच नाही. हे म्हणतात, ‘आराम कर, घाई कसली आहे?’ मोठ्या नणंदबाई म्हणतात, ‘दुखलं तरी चालायचंच, नाहीतर पाय कायमचा आखडेल.’ रात्री झोप लागत नाही. ध्यान करून पाहिलं, पण डोळे मिटले की तीच पायरी समोर येते आणि छाती धडधडते. बहीण कपालभातीचे व्हिडिओ पाठवते. मला बीपीची गोळी चालू आहे. माझं चुकतंय कुठे?

*उत्तर*

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. प्लेट, सूज, झोप, नणंदबाई या सगळ्यांच्या गर्दीत तुम्ही ते सहज लिहून गेलात: बारा पावलं श्वास रोखून टाकते आणि दारात पोचले की सोडते. तुमचं काही चुकत नाहीये. पण सुरुवात कुठून करायची, हे त्या वाक्यातच आहे.

हे वाचता वाचताच एक करून पाहा. क्षणभर श्वास रोखा आणि डाव्या, म्हणजे चांगल्या पायाचा घोटा गोल फिरवा. खांदे कुठे गेले ते बघा. दात एकमेकांवर आवळले गेले का? हाताची मूठ? आता तोंडातून हळू फुंकर मारल्यासारखा श्वास सोडत तोच घोटा तसाच फिरवा. पाय तोच आहे, सांधा तोच आहे, तरी फिरणं वेगळं लागतं. पंचवीस वर्षं मी मोडलेल्या हाडांच्या माणसांना पुन्हा चालतं करण्याचं काम करते आहे आणि हा फरक जाणवला नाही असं सांगणारं माणूस मला क्वचितच भेटलं.

भीती वाटली की शरीर सांध्याच्या पुढचे आणि मागचे स्नायू एकाच वेळी आवळून धरतं. तुमच्या बाबतीत पोटरी मागून खेचते, नडगीवरचा स्नायू पुढून खेचतो आणि मधला घोटा लाकडाच्या ओंडक्यासारखा होतो. शरीराला वाटतं, असं घट्ट धरलं की सांधा सुरक्षित. पण उभं राहताना तोल सांभाळला जातो तो घोट्याच्या अगदी बारीक, सतत चाललेल्या हालचालींनी. घोटाच आवळलेला असला की त्या हालचाली होत नाहीत, माणूस डगमगतं, आणि डगमगलं की भीती खरी ठरते. पुढचं पाऊल टाकताना श्वास आणखी घट्ट रोखला जातो. शिवाय जोर लावताना श्वास कोंडला की रक्तदाब चढतो. तुम्हाला गोळी चालू आहे, म्हणजे हे तुमच्यासाठी जास्तच महत्त्वाचं.

म्हणून व्यायाम एकीकडे आणि मन शांत करणं दुसरीकडे, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्यासाठी ते एकच काम आहे.

त्याआधी घरातल्या दोन मतांबद्दल. दोघंही तुमच्या काळजीपोटीच बोलतात, आणि दोघांचंही निम्मं बरोबर आहे.

पहिले सहा आठवडे तुमचे यजमान बरोबर होते. तेव्हा हाडाला निवांतपणा हवा होता आणि तुम्ही तो दिलात. आता मात्र विश्रांतीचीही किंमत मोजावी लागते. 1966 साली अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं आणि त्यांची दमश्वासाची ताकद किती घसरते ते मोजलं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा दिसलं की तीस वर्षांच्या वयाने जेवढी ताकद कमी झाली, त्यापेक्षा त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने जास्त कमी झाली होती. हे निरोगी मुलांचं. आणि हाडाचं म्हणाल तर, ज्या दिशेने भार पडतो त्या दिशेने हाड स्वतःची घडण बदलतं, हे ज्युलियस वोल्फ या जर्मन सर्जननी 1892 मध्येच मांडलं होतं. भार हा आता तुमच्या हाडाला मिळणारा निरोप आहे. तो पोचला नाही तर हाड भक्कम व्हायचं कारणच उरत नाही. उजवी पोटरी डावीपेक्षा बारीक झालेली तुम्हाला दिसली असेलच. ती भरून येईल, पण पडून राहून येणार नाही.

नणंदबाई म्हणतात तसा घोटा आखडतो, हेही खरं. चालताना पाय मागे राहतो तेव्हा नडगी तळव्यावरून पुढे झुकते आणि त्यासाठी घोटा साधारण 10 अंश तरी वर वाकावा लागतो. तो वाकला नाही तर माणूस लंगडतं. पण ‘दुखलं तरी चालायचंच’ हे मला मान्य नाही. डॉक्टरांनी ‘सोसेल तेवढं’ म्हटलं, ‘सोसा’ म्हटलेलं नाही. या दोन शब्दांत मोठं अंतर आहे.

मग किती दुखलं तर चालेल? आपल्या भाषेत दुखण्याला इतके शब्द आहेत, ते वापरा. ओढ बसते, ताण जाणवतो, रग लागते: हे चालेल. बरेच आठवडे न वापरलेले स्नायू आणि सांध्याभोवतीचे आखडलेले पडदे असंच बोलतात. कळ येते, चमक निघते, ठणका लागतो: तिथे थांबा. आकड्यात सांगायचं तर शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे सहन न होणारं, असं धरून तीन-चारपर्यंत ठीक. पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होते. व्यायामाने वाढलेलं दुखणं रात्रीत उतरून सकाळी पाय कालच्या सकाळसारखाच असेल, तर काल केलेलं बरोबर होतं. सकाळीही ठणकत असेल किंवा सूज जास्त असेल, तर काल जास्त झालं. आज बंद करायचं नाही, थोडं कमी करायचं.

आता रोजचं बघू. सकाळी उठल्या उठल्या वॉकरकडे हात नेऊ नका. पलंगावरच उताणं पडून, गुडघ्यांखाली उशी घेऊन, एक हात पोटावर आणि एक छातीवर ठेवा. नाकाने श्वास घेताना पोटावरचा हात वर यावा, छातीवरचा जवळजवळ तसाच राहावा. मनात चारपर्यंत मोजत श्वास आत, सहापर्यंत मोजत बाहेर. असा एक श्वास दहा सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला सहा होतात. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. चार-सहा जमत नसेल तर तीन-चार करा. सोडणं घेण्यापेक्षा लांब असलं म्हणजे झालं. गुदमरल्यासारखं होईपर्यंत काही ताणायचं नाही.

हे शरीरात उतरतंय की नाही, हे तुम्हाला बोटांनी तपासता येतं. अंगठ्याच्या बाजूने मनगटावर दुसऱ्या हाताची दोन बोटं ठेवून नाडी शोधा आणि तसाच श्वास चालू ठेवा. श्वास घेताना ठोके किंचित भरभर येतात, सोडताना त्यांच्यात अंतर पडतं. व्हेगस नावाची एक लांबलचक नस मेंदूतून निघून हृदयापर्यंत आणि पुढे पोटापर्यंत जाते. श्वास सोडताना ती हृदयाचा वेग खाली आणते. वयाबरोबर हा फरक बारीक होत जातो, त्यामुळे पहिल्या दिवशी लागला नाही तर नाराज होऊ नका. पण ज्यांना लागतो, त्यांचे चेहरे बदललेले मी पाहिले आहेत. धडधडणाऱ्या छातीवर आपला काही ताबा आहे, हे त्यांना पहिल्यांदाच कळलेलं असतं.

पाच मिनिटं हे झालं की पायाकडे वळा. उजव्या पोटरीखाली उशी अशी घ्या की टाच उशीच्या कडेबाहेर अधांतरी राहील. आता पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवा. क, का, कि, की. अक्षर मोठं काढा, पाटीवर काढायचो तसं. काना खाली ओढताना पाऊल पुढे ताणलं जातं, वेलांटीला ते वर येऊन वळतं, कं चा अनुस्वार देताना अंगठा टोकाला जातो. घोट्याच्या सगळ्या दिशा त्यात येतात. एकच लक्षात ठेवा: गुडघा स्थिर हवा. गुडघा हलला तर ते अक्षर घोट्याने नाही, मांडीने काढलं. प्रत्येक अक्षर श्वास सोडत काढा, दोन अक्षरांच्या मध्ये श्वास घ्या. ‘क’ ची बारा अक्षरं झाली की पहिल्या आठवड्यात एवढंच, दिवसातून तीन-चार वेळा. मग ‘ख’ जोडा. सुरुवातीला ‘कि’ आणि ‘की’ सारखेच दिसतील. दिसू देत.

यानंतर एक टॉवेल. पाय लांब करून बसा, तळव्याच्या पुढच्या भागाखालून टॉवेल घाला आणि दोन्ही टोकं धरून श्वास सोडत पाऊल हळू आपल्याकडे ओढा. पोटरीत ताण आला की तिथेच 20-30 सेकंद थांबा. थांबताना श्वास चालू ठेवा. ताण तेवढाच राहिला आणि श्वास मऊ झाला, की पुढच्या उच्छ्वासाला टॉवेल आपोआप थोडा आणखी येतो. ओढून आणलेल्या इंचापेक्षा असा आलेला अर्धा इंच मला जास्त मोलाचा वाटतो, कारण तो उद्याही तिथेच असतो.

मग पलंगाच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसा. एकदम उठलं की रक्तदाब खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. बीपीची गोळी घेणाऱ्यांना हे जास्त होतं.

वजन टाकण्याच्या भीतीवर मला सापडलेलं सगळ्यात चांगलं औषध म्हणजे घरातला वजनकाटा. ‘सोसेल तेवढं’ म्हणजे किती, हे कळत नाही म्हणून तर भीती वाटते. वॉकर धरून उभ्या राहा, मागे खुर्ची असू द्या. उजवा पाय काट्यावर ठेवा आणि डावा पाय काट्याच्याच उंचीच्या, न सरकणाऱ्या पक्क्या आधारावर, म्हणजे कंबर एका पातळीत राहील. आता श्वास सोडत उजव्या पायावर हळूहळू भार द्या आणि आकडा बघा. पाच किलो. सात. दहा. ज्या आकड्यावर तुमचा श्वास अडकेल, ती आजची हद्द. तिथून दोन-तीन किलो मागे या आणि तिथे पाच शांत श्वास काढा. उद्या पुन्हा. श्वास कुठे अडतो ते दुखण्याच्याही आधी कळतं, म्हणून मोजमाप मी त्याच्यावर ठेवते. समजा तुमचं वजन 60 किलो आहे. ज्या दिवशी त्यातल्या तीसवर श्वास मोकळा राहील, त्या दिवशी दोन्ही पायांवर सारखं वजन घेऊन तुम्ही उभ्या असाल. हा आकडा एका वहीत लिहून ठेवा, तारखेसह. मन सांगत असतं की काहीच प्रगती नाही. वहीतला आकडा मनापेक्षा भरवशाचा असतो.

आणि मग ती बारा पावलं. वॉकर पुढे, मग उजवा पाय, मग डावा. उजवा टेकताना श्वास सोडायचा. हे लक्षात राहत नसेल तर मोठ्याने मोजा: एक, दोन, तीन. बोलताना श्वास कोंडून ठेवता येतच नाही. माझ्याकडे एक आजोबा यायचे, मांडीचं हाड मोडलेलं. ते मनात मोजायचे आणि चेहरा लालबुंद व्हायचा. मोठ्याने मोजा म्हटलं तर लाजायचे. शेवटी त्यांची नात शेजारून चालायची आणि दोघं मिळून मोजायचे. पंधरा दिवसांत त्यांचा वॉकर सुटला नाही, पण खोलीच्या टोकाला पोचल्यावर धाप लागणं थांबलं. मला तेवढं पुरेसं होतं, पुढचं सोपं गेलं.

आता त्या रविवारबद्दल. तुम्ही आळस केला किंवा आगाऊपणा केला, असं मला वाटत नाही. बरं वाटलं की माणूस जास्त करतं, मग दोन दिवस आडवं होतं, मग पुन्हा घाबरतं. बरं होणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं हे होतं. यातून बाहेर पडायचं तर रोजचं माप बऱ्या दिवसावरून ठरवू नका, वाईट दिवसावरून ठरवा. अगदी कंटाळवाण्या, दुखऱ्या दिवशीही जेवढं करता येईल तेवढंच रोज करायचं. समजा ते बारा पावलांच्या चार फेऱ्या असतील. मग रविवारी कितीही उत्साह वाटला तरी चारच. उत्साहाच्या दिवशी थांबणं हे दुखऱ्या दिवशी चालण्यापेक्षा अवघड आहे, मला माहीत आहे. पाच-सात सकाळी लागोपाठ नीट गेल्या की पाचवी फेरी जोडा. एका वेळी एकच गोष्ट वाढवा: फेऱ्या तरी, नाहीतर पायावरचं वजन तरी. दोन्ही एकदम वाढवलं आणि पाय सुजला, तर कशामुळे सुजला हे कळायला मार्ग राहत नाही.

सुजेचं थोडं बोलते, कारण तिच्यामुळे विनाकारण खूप माणसं घाबरतात. घोट्याच्या ऑपरेशननंतर संध्याकाळी येणारी सूज सहा महिने, कधी वर्षभरही राहते. सकाळी ती उतरलेली असेल तर घाबरायचं कारण नाही. दिवसातून तीन-चार वेळा 15-20 मिनिटं पाय छातीच्या पातळीपेक्षा वर ठेवा. समोर स्टूल ठेवून पाय लांब केला की झालं असं वाटतं, पण त्याने पाय फक्त कमरेपर्यंत येतो. आडवं व्हायला हवं, पोटरीखाली दोन-तीन उशा हव्यात. त्याच वेळी बाराखडी गिरवलीत तर उत्तमच, कारण पोटरीचे स्नायू आवळले-सुटले की पायातलं रक्त पंपासारखं वर ढकललं जातं.

एक मात्र नीट वाचा. एकाच पोटरीत दुखरी, गरम, लालसर सूज आली आणि ती रात्रीतही उतरली नाही, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याची शक्यता असते. अचानक धाप लागली, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त आलं तर वाट न बघता सरळ इस्पितळ गाठा. जखमेतून स्राव येणं, ताप येणं, किंवा जो पाय काल वजन घेत होता त्याने आज अजिबात न घेणं, हेही लगेच कळवायचं.

रात्रीकडे येते. ध्यान जमत नाही म्हणून तुम्ही स्वतःला दोष दिला आहे असं पत्रावरून वाटलं. तो देऊ नका. ज्याच्या डोळ्यांपुढे अपघात उभा राहतो, त्याला डोळे मिटून आत बघायला सांगणं हे त्याला पुन्हा त्याच जिन्यावर नेऊन उभं करण्यासारखं आहे. डोळे उघडे ठेवूनही शांत होता येतं. मंद दिवा राहू द्या. ती पायरी समोर आली की खोलीतल्या पाच गोष्टी एकेक करून बघा आणि हळू आवाजात त्यांची नावं घ्या: खिडकी, पडदा, पाण्याचा तांब्या. मग हाताखालची चादर कशी लागते ते बघा, खरखरीत की गुळगुळीत, गार की ऊबदार. त्यानंतर चार-सहाचा श्वास. क्रम असाच ठेवा. आधी आपण पलंगावर आहोत हे शरीराला पटू दे, मग श्वास लांब करा.

झोपताना आणखी एक करता येईल. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत ही रीत बसवली: एकेक स्नायू आधी मुद्दाम आवळायचा आणि मग सोडून द्यायचा, म्हणजे सैल म्हणजे काय हे स्नायूला समजतं. डाव्या हाताची मूठ पाच सेकंद अर्ध्या ताकदीने आवळा, श्वास सोडत उघडा आणि पंधरा-वीस सेकंद त्या हातात काय जाणवतंय तिकडे लक्ष द्या. मग उजवी मूठ, खांदे, कपाळ, जबडा, पोट, डावा पाय. उजवं पाऊल सध्या आवळायचं नाही. त्याच्या पाळीला नुसता श्वास सोडा. जबड्यावर जरा जास्त वेळ द्या. बारा पावलांची भीती बहुतेकींच्या दातांत साठलेली असते.

कपालभाती आत्ता नको. त्यात श्वास जोराने, झटक्याने बाहेर फेकायचा असतो आणि रक्तदाब असलेल्यांनी तो प्रकार टाळायचा असतो. श्वास कोंडून धरण्याचे कुंभकही टाळा. बहिणीला सांगा की काहीतरी करायचंच असेल तर भ्रामरी चालेल, तीही हलकी: श्वास सोडताना ओठ मिटून गुणगुणल्यासारखा आवाज. गुणगुणताना श्वास आपोआप लांब होतो.

आणि जिना. त्याच्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तो प्रत्येक ओळीत आहे. तुमचे फिजिओ हो म्हणतील तेव्हाच चढ-उतार सुरू करायची. तेव्हाचा नियम आत्ताच सांगून ठेवते: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. एक हात कठड्यावर. वॉकर सुटून काठी आली की काठी डाव्या हातात, म्हणजे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूला. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि मग त्याच बाजूला झुकून चालतात.

पण त्याआधी जिन्याशी पुन्हा ओळख करून घ्यावी लागेल. या आठवड्यात फक्त वॉकरने जिन्याजवळ जा, खुर्चीवर बसा आणि त्याच्याकडे बघत दहा लांब श्वास काढा. चढायचं नाही. पुढच्या आठवड्यात कठड्याला हात लावा. मग कोणीतरी सोबत असताना त्या शेवटच्या पायरीवर बसा. हो, त्याच पायरीवर. तळव्याने पुढची जमीन चाचपा, पायरी संपून जमीन कुठे सुरू होते ते पायाला कळू द्या. पायरीच्या कडेला उठून दिसणारी रंगीत चिकटपट्टी लावून घ्या, ती तुम्हालाच नाही, घरातल्या सगळ्यांनाच उपयोगी पडेल.

हे करूनही ती पायरी रोज दिवसा-रात्री समोर येत असेल, स्वप्नात येत असेल, जिन्याच्या वाटेने जाणंच तुम्ही टाळत असाल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. पडल्यानंतर पहिल्या महिन्यात असं होणं अगदी स्वाभाविक आहे आणि ते बहुतेकांचं आपोआप ओसरतं. महिना उलटल्यावरही तसंच राहिलं तर त्याला उपचार लागतो, आणि उपचाराने ते बरं होतं. तुम्हाला नऊ आठवडे झालेत. ऑपरेशनला जशा सर्जनकडे गेलात, तशाच यासाठी जा.

तुमच्या यजमानांसाठी दोन ओळी, त्यांना वाचून दाखवा. ताई चालत असताना दंडाला धरू नका, त्याने त्यांचा तोल तुमच्यावर येतो. उजव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे राहा, हात जवळ असू दे पण लावू नका. जिन्यावर नेहमी त्यांच्या खालच्या बाजूला उभे राहा: चढताना मागे, उतरताना पुढे. आणि ‘सांभाळ’ म्हणू नका. तो शब्द ऐकला की त्यांचा श्वास तिथेच अडकेल. त्याऐवजी त्यांच्याबरोबर मोजा.

हे सगळं सुरू करण्याआधी तुमच्या फिजिओंना हे पत्र दाखवा. तुमचा एक्स-रे त्यांनी पाहिला आहे, मी नाही. त्यांनी एखादी गोष्ट थांबवायला सांगितली तर त्यांचंच ऐका. आणि महिन्याभराने मला लिहाल तेव्हा वजनकाट्यावरचा आकडा तर लिहाच, पण पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंत जाताना श्वास किती वेळा सोडलात, तेही मोजून लिहा.